राजाच्या ममीवरचे दागिने कसे वाचायचे?



आज आपण इजिप्तला जाणार आहोत, आणि तेही थेट एका राजाच्या शवपेटीत. विषय आहे प्राचीन इजिप्तमध्ये राजाच्या देहावर दफनाच्या वेळी चढवले जाणारे दागिने.

या विषयावर बोलायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोनं किती होतं? मग मी आकडे सांगतो. तुतनखामुनची सर्वांत आतली शवपेटी भरीव सोन्याची, वजन सुमारे ११० किलो. चेहऱ्यावरचा मुखवटा दहा किलोंच्या वर. समोरून ‘बापरे!’ येतं, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: मेलेल्या माणसाबरोबर एवढं सोनं कशाला पुरायचं? आपल्याकडे माणूस गेला की अंगावरचे दागिने आधी उतरवतात. फार तर तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा एवढासा तुकडा ठेवतात. मग हे लोक उलटं का करत होते?

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही त्या आकड्यांवरच थांबत होतो. मग एकदा हॉवर्ड कार्टरची कार्डं नीट बघायला घेतली. तुतनखामुनचं थडगं शोधणाऱ्या कार्टरने आतल्या प्रत्येक वस्तूचं एकेक कार्ड केलं होतं. ही कार्डं आणि हॅरी बर्टनने काढलेले फोटो ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. राजाच्या देहाला क्रमांक दिला आहे २५६. त्या कार्डांत एक गोष्ट सारखी येते: जागा. कोणता दागिना गळ्याशी, कोणता मांडीवर, कोणता कशाच्या वर आणि कशाच्या खाली. ते वाचताना लक्षात आलं की आपण इतकी वर्षं पुस्तक तराजूत घालून त्याचं वजन सांगत होतो. ते वाचलं नव्हतंच.

आज ते वाचायचा प्रयत्न करू.

गुंडाळीच्या आत काय होतं?

थडगं सापडलं ४ नोव्हेंबर १९२२ रोजी, पण राजाच्या देहापर्यंत पोहोचायला तीन वर्षं लागली. ११ नोव्हेंबर १९२५ ला शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डग्लस डेरी यांनी डॉ. सालेह बे हमदी यांच्या साथीने ममीच्या कापडावर पहिला छेद घेतला. राजा मरताना जेमतेम १८-१९ वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूला तोवर सव्वातीन हजार वर्षं होऊन गेली होती.

कापडाच्या थरांमधून १०१ गटांत मिळून १४३ वस्तू निघाल्या. एका गळ्यापाशीच वीस ताईत होते, तेही सहा थरांत रचलेले. दोन्ही हातांवर मिळून तेरा कंकणं. हातापायांच्या प्रत्येक बोटावर सोन्याचं टोपण. पायात सोन्याच्या चपला.

आता यातले कितीतरी हार पातळ सोन्याच्या पत्र्यातून कापलेले आहेत. ससाणा, गिधाड, नाग अशा आकारांचे. जिवंत माणसाने घालून चार पावलं टाकली तर वाकतील इतके नाजूक. म्हणजे ते मिरवण्यासाठी केलेलेच नव्हते. ते केले होते एका अशा प्रवासासाठी, ज्यात राजा आडवा असणार आणि बघणारं माणूस कुणीच नसणार.

एक उदाहरण देतो. राजाच्या डोक्यावर सोन्याची शिरपट्टी होती. अशा पट्टीला कपाळावर दोन प्राणी असतात: नाग आणि गिधाड. नाग म्हणजे वाजेत, उत्तर इजिप्तची देवी. गिधाड म्हणजे नेखबेत, दक्षिण इजिप्तची देवी. दोन्ही देवी कपाळावर असल्या की राजा दोन्ही प्रदेशांचा स्वामी. पण कार्टरला पट्टीवर हे दोन प्राणी मिळालेच नाहीत. ते सुटे करून खाली ठेवले होते: गिधाड उजव्या मांडीजवळ, नाग डाव्या मांडीजवळ.

असं का? कार्टरने याचं उत्तर दिशांमध्ये शोधलं. राजाचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला होते. तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात दक्षिणेला येतो, डावा उत्तरेला. म्हणजे दक्षिणेची देवी दक्षिणेला होती आणि उत्तरेची उत्तरेला. राजाच्या देहावर इजिप्तचा नकाशाच मांडला होता म्हणा ना! आता हीच दोन सोन्याची चित्रं कुणी उचलून काट्यावर ठेवली, तर ग्रॅम कळतील, नकाशा पुसला जाईल.

धातू आणि खडे: प्रत्येकाचं काम वेगळं

इजिप्तच्या लोकांची समजूत होती की देवांचं मांस सोन्याचं असतं, हाडं चांदीची आणि केस लाजवर्द दगडाचे, म्हणजे गर्द निळे. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, म्हणून ते न संपणाऱ्या देहाचं द्रव्य. सोन्याला त्यांच्या भाषेत ‘नेबू’ म्हणत, आणि तो शब्द लिहायचं चित्र काय होतं माहीत आहे? मण्यांचा रुंद हार. लिपीतच सोनं आणि दागिना एकत्र आले होते.

तुतनखामुनचा मुखवटा पुन्हा डोळ्यासमोर आणा. चेहरा सोन्याचा, भुवया आणि डोळ्यांच्या कडा निळ्या. मांस सोन्याचं, केस लाजवर्दाचे. तो मुखवटा म्हणजे राजा आता देव झाला आहे असं विधान आहे.

हा लाजवर्द इजिप्तमध्ये मिळत नव्हता. तो आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांतून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून हजारो किलोमीटर प्रवास करून नाईलकाठी येई. पिरोजा सिनाईच्या खाणींतून येई आणि तो हथोर देवीचा मानला जाई. लाल अकीक आणि लाल जॅस्पर म्हणजे रक्त, जीवनशक्ती. हिरवा रंग म्हणजे कोवळी पालवी, पुन्हा उगवणं. मेल्यावर पुन्हा जिवंत झालेला ओसायरिस देव चित्रांत पुष्कळदा हिरवा दिसतो तो यामुळेच.

मग जिथे खरा दगड मिळत नसे तिथे? तिथे रंगीत काच वापरत. लाजवर्दासाठी आणि निळ्या काचेसाठी शब्द एकच होता; फक्त एक ‘डोंगरातला’ आणि दुसरा ‘भट्टीतला’. राजाच्या मुखवट्यावरही निळी काच आहे. आपण लगेच म्हणू, ‘म्हणजे नकली!’ त्यांच्या लेखी तसं नव्हतं. काम रंगाचं होतं, आणि रंग बरोबर असला की काम होत होतं.

हे सगळं मनमानी नव्हतं. मृतांचा ग्रंथ म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या मंत्रसंग्रहात कोणता ताईत कशाचा करायचा हे वैद्याच्या चिठ्ठीसारखं दिलेलं आहे. १५५ वा मंत्र जेद नावाच्या खांबासाठी. जेद म्हणजे ओसायरिसचा कणा. तो सोन्याचा हवा आणि दफनाच्या दिवशी गळ्याशी ठेवायचा. १५६ वा मंत्र इसिस देवीच्या गाठीसाठी. ती लाल जॅस्परची. १५७ वा सोन्याच्या गिधाडासाठी, १५८ वा सोन्याच्या रुंद हारासाठी. पुढचा पपायरसच्या देठाच्या ताइतासाठी. तो हिरव्या फेल्डस्पारचा. वस्तू, द्रव्य, जागा, दिवस आणि मंत्र. या पाचही गोष्टी जुळल्या तर दागिना कामाला लागणार.

दागिन्यात लपलेलं नाव

आता वाचनाचा दुसरा धडा. तुतनखामुन हे त्याचं जन्मनाव. गादीवर बसल्यावर मिळालेलं नाव होतं ‘नेब-खेपेरु-रा’. अर्थ साधारण असा: रूपं धारण करणाऱ्यांचा स्वामी रा, म्हणजे सूर्य. हे नाव लिहायचं तर तीन चित्रं लागतात. ‘नेब’ म्हणजे टोपली. ‘खेपेर’ म्हणजे शेणाचा गोळा ढकलणारा भुंगेरा, त्याखाली अनेकवचनासाठी तीन रेघा. आणि ‘रा’ म्हणजे सूर्याची तबकडी.

त्याची छातीवरची पदकं बघा. पंख पसरलेला निळा भुंगेरा, पुढच्या पायांत सूर्य, खाली तीन रेघा आणि टोपली. आपल्याला ती सुंदर नक्षी वाटते, पण ते राजाचं नाव आहे, सोन्यात जडवलेलं. आणि नावाला तिथे फार किंमत होती. ज्याचं नाव टिकलं तो टिकला. नाव खोडलं तर त्या माणसाला परलोकातही ठाव नाही. म्हणून नाव छातीवर, मनगटावर, बोटातल्या अंगठीवर, जमेल तिथे लिहिलं होतं.

अशाच एका पदकातला भुंगेरा पिवळसर, अर्धपारदर्शक दगडाचा आहे. हे पदक थडग्यातल्या एका पेटीत सापडलं. बरीच वर्षं तो एक प्रकारचा कॅल्सेडनी दगड समजला जात होता. १९९० च्या दशकात इटलीचे व्हिन्चेन्झो दे मिकेले यांनी तपासलं तर ती निघाली वाळवंटातली काच. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी, बहुधा आकाशातून आलेल्या अशनीच्या उष्णतेनं लिबियाच्या सीमेजवळची वाळू वितळली आणि तिची काच झाली. राजाच्या उजव्या मांडीशी ठेवलेल्या खंजिराचं पातंही असंच आकाशातलं. २०१६ साली क्ष-किरणांच्या मदतीनं केलेल्या तपासणीत ते अशनीच्या लोखंडाचं असल्याचं नक्की झालं. इजिप्तमध्ये त्या काळी लोखंड गाळत नव्हते. ते सापडे तेवढंच, आणि पुढे त्याला नावही पडलं ‘आकाशातलं लोखंड’.

हृदयावरचा भुंगेरा

सगळ्या दागिन्यांत मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा दागिना सोन्याचाही नाही. तो आहे हृदयावर ठेवायचा दगडी भुंगेरा.

इजिप्तच्या श्रद्धेप्रमाणे मेल्यावर माणसाचा न्याय होतो. एका पारड्यात त्याचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचं पीस. बुद्धी, आठवण, सगळी बरीवाईट कर्मं हृदयात साठलेली असतात असं ते मानत. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत, पण हृदय शक्यतो आत ठेवत. आता अडचण अशी की हृदयाला सगळं ठाऊक आहे. ऐन न्यायाच्या वेळी तेच आपल्याविरुद्ध बोललं तर? म्हणून भुंगेऱ्याच्या पोटावर एक मंत्र कोरत. त्यात मेलेला माणूस स्वतःच्या हृदयाला विनवतो की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

विचार करा, जगातल्या सर्वांत बलाढ्य राजालाही हा ताईत लागत होता. दीड लाख मजूर-सैनिक पाळू, पण स्वतःच्या हृदयाची खात्री देता येत नाही, अशीच ती कबुली. अशा सर्वांत जुन्या भुंगेऱ्यांपैकी एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिरव्या जॅस्परचा, माणसाचा चेहरा असलेला, सोन्याच्या कोंदणात बसवलेला. त्यावर नाव आहे सोबेकेमसाफ राजाचं. या नावाचे दोन राजे होऊन गेले. हे नाव लक्षात ठेवा, कारण आता आपण चोरांकडे वळतोय.

चोरांचा हिशेब

इसवी सनापूर्वी साधारण १११० साली, नववा रामसेस गादीवर असताना, थीब्जमध्ये थडगी फोडणाऱ्यांवर खटला चालला. त्याचे कागद, म्हणजे पपायरस, आजही आहेत; एका गुंडाळीचे दोन तुकडे झाले, एक ब्रुसेल्सला आणि एक न्यूयॉर्कला. त्यात आमेनपनेफेर नावाच्या पाथरवटाचा जबाब आहे. तो सांगतो की आम्ही सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात बोगदा पाडून शिरलो. राजाच्या गळ्यात सोन्याचे पुष्कळ ताईत आणि दागिने होते, चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा होता. आम्ही ते काढून घेतलं, राणीचंही घेतलं आणि शवपेट्या पेटवून दिल्या.

मग हिशेब. एकूण सोनं १६० देबेन, चोर आठ, प्रत्येकाच्या वाट्याला २० देबेन. एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेचौदा किलोच्या आसपास. आमेनपनेफेर आधी पकडला गेला होता, तेव्हा त्याने स्वतःचा वाटा एका अधिकाऱ्याला देऊन सुटका करून घेतली. बाकीच्या सोबत्यांनी आपापल्या वाट्यातून त्याची भरपाई केली आणि तो पुन्हा कामाला लागला. तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण कुठे अडखळायला होत नाही, नाही का?

मंत्र, जागा, दिशा, रंग हे सगळं त्या जबाबात एका आकड्यात मावलं: १६०. हे चोर परके नव्हते. त्याच गावचे, त्याच देवांना मानणारे कारागीर होते. त्या ताइतांचा अर्थ त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. कळत असूनही त्यांनी ते वितळवलं.

तुतनखामुनच्या थडग्यातही दफनानंतर थोड्याच काळात दोनदा चोर शिरले होते. देहापर्यंत ते पोहोचले नाहीत, पण पेट्यांमधले दागिने बरेच गेले. घाईत त्यांच्या हातून राहिलेली एक गाठोडी कार्टरला मिळाली. कापडाच्या पदरात बांधलेल्या सोन्याच्या आठ अंगठ्या!

चिखलातून वेचलेलं वाक्य

आता याच्या उलट एक गोष्ट. १९१४ साली लाहून इथे फ्लिंडर्स पेट्री आणि गाय ब्रंटन हे दुसऱ्या सेनुस्रेत राजाची मुलगी सिथाथोर्युनेत हिच्या थडग्याचं उत्खनन करत होते. थडगं पूर्वीच लुटलेलं होतं. फक्त भिंतीतला एक कोनाडा चिखलाने भरल्यामुळे चोरांच्या नजरेतून सुटला होता. आतल्या दागिन्यांच्या लाकडी पेट्या कुजून गेल्या होत्या, दोरे गेले होते, हजारो मणी चिखलात विखुरलेले. ब्रंटन त्या अरुंद जागेत पडून राहून एकेक मणी वेचत राहिला. कोणता मणी कुठल्या शेजारी होता त्याची नोंद करत राहिला. त्या नोंदींमुळेच ते हार पुन्हा ओवता आले.

त्यातलं एक पदक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या करून केलेल्या घरांत अकीक, लाजवर्द, पिरोजा यांचे नेमके कापलेले ३७२ तुकडे बसवलेले. दोन बाजूंना दोन ससाणे, मध्ये राजाचं नाव, आणि त्याखाली गुडघ्यावर बसलेला एक देव. हा हेह, म्हणजे दहा लाख. त्याच्याजवळ बेडकाचं पिल्लू आहे, ते त्यांच्या आकड्यांत एक लाख. एवढी वर्षं राजाला लाभोत, असं ते पदक म्हणतं. एका तळहातात मावेल असं ते एक अख्खं वाक्य आहे.

मग कार्टरने काय केलं?

इथे मला थोडं कडू सांगावं लागेल. दफनाच्या वेळी राजाच्या देहावर ओतलेली सुगंधी राळ घट्ट झाली होती आणि ममी शवपेटीच्या तळाला चिकटली होती. शवपेटी उन्हात ठेवून पाहिली. ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तरी राळ सुटेना. शेवटी देहाचे तुकडे करून तो बाहेर काढला गेला. कंकणं काढण्यासाठी हात सुटे केले, मुखवट्यातून डोकं तापवलेल्या सुऱ्यांनी सोडवलं. ज्या कार्टरने प्रत्येक दागिन्याची जागा इतक्या काळजीने लिहून ठेवली, त्याच्याच हाताखाली ज्या देहासाठी त्या जागा ठरल्या होत्या तो मोडला. आपल्याला वाचता येतंय ते त्याच्या कार्डांमुळे. आणि राजाचं जे झालं तेही त्याच टेबलावर झालं. दोन्ही खरं आहे.

डोक्यावरची मण्यांची टोपी आणि छातीवरचा मण्यांचा पट्टा इतके नाजूक होते की ते मात्र त्याने तसेच ठेवले आणि १९२६ मध्ये देह थडग्यात परत ठेवला. १९६८ साली इंग्लंडच्या पथकाने ममीचे एक्स-रे काढले, तेव्हा टोपी आणि पट्टा दोन्ही नव्हते. मधल्या वर्षांत कुणीतरी उरलंसुरलंही नेलं होतं.

आज त्याचे दागिने गिझाच्या पिरॅमिडजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहेत आणि तो स्वतः लक्झरजवळच्या थडग्यात, अंगावर एकही दागिना नसताना. त्याच्या लोकांच्या नजरेने पाहिलं तर हा राजा न्यायाच्या वाटेवर उघडा पडला आहे.

पण एक गोष्ट राहिली. तुतनखामुन गेल्यावर पुढच्या राजांनी त्याचं नाव शिळांवरून खोडलं, त्यावर आपली नावं कोरली. अबिडॉसच्या देवळात सेती राजाने पूर्वजांची लांबलचक यादी कोरून घेतली, त्यात हे नाव नाही. इतिहासातून तो गेल्यातच जमा होता. मग थडग्यातून ती पदकं बाहेर आली. टोपली, भुंगेरा, सूर्य. नेब-खेपेरु-रा. सव्वातीन हजार वर्षं अंधारात राहूनही त्या दागिन्यांनी एक काम चोख केलं: त्याचं नाव सांभाळलं.

जाता जाता एक सुचवतो. कोलकाता, वडोदरा, जयपूर, हैदराबाद, या शहरांतल्या संग्रहालयांत इजिप्तच्या ममी आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना यातलं एखादं शहर जवळ असेल. अशा ममींच्या आवरणावर पुष्कळदा रुंद हार, पंख पसरलेले प्राणी, भुंगेरे नुसते रंगवलेले असतात. ज्याला सोनं परवडत नव्हतं त्याने तेच वाक्य रंगात लिहिलं. तिथे गेलात की काचेसमोर दोन मिनिटं जास्त थांबा. गळ्याशी काय आहे, छातीवर काय आहे, रंग कोणता आहे, ते बघा. वाचता येतंय का पाहा.